काऊनमास्तर

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. मी दारात उभी, हातात ट्रंक, डोक्यावर ऊन, आणि हे गृहस्थ ओसरीत बसून पत्रांवर ठपाठप शिक्के मारताहेत. मान वर न करता म्हणाले, "काऊन आल्या?"

"बदली झाली. शाळेत बाई म्हणून आले."

"बदली काऊन झाली?"

"सरकारनं केली."

"सरकारनं काऊन केली?"

असा राग आला मला! म्हटलं, "ते सरकारला विचारा, माझी ट्रंक जड आहे." तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं, हसले, आणि आत तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, "अवं, ऐकलं काय? बाई तिखट हाय. खोली देऊन टाक."

असे आमचे घरमालक. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, काऊनमास्तर म्हणत. 'काऊन' म्हणजे का. आमच्या भागात सगळेच म्हणतात, पण यांच्या तोंडून तो शब्द जितका निघे तितका बाकीच्या आदिलाबाद जिल्ह्यात मिळून निघत नसेल. "मास्तर, जेवले काय?" "काऊन? वाढून राह्यला काय?" "मास्तर, बरं हाय ना?" "काऊन? बिमार दिसून राह्यलो काय?" मुलं मुद्दाम विचारायची आणि पळायची. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता, ते पोस्टमास्तर होते. पोस्ट म्हणजे त्यांची ओसरी, एक टेबल, एक बाक आणि बाहेर टांगलेली लाल पेटी.

गाव भीमपूरच्या बाजूचं, पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. शेतात कापूस-ज्वारी, घराघरांत मराठी; ठाणं, तहसील, दवाखाना मात्र सगळं तेलुगू. आमचं घराणं आदिलाबाद शहरातलं, तीन पिढ्या नोकरीवाले, वडील कोर्टात कारकून. आम्ही घरात 'शुद्ध' बोलायचो, आणि खेड्यातलं कोणी 'करून राह्यलो' म्हणालं की पदराआड हसायचो. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या हसण्याचाही हात आहे.

मास्तर वैशाखातसुद्धा काळा कोट घालत. घामानं निथळत, पण कोट काढत नसत. "पोस्ट उघडं हाय तवरक मी सरकार हाव," म्हणत. रोज सकाळी तारखेचा शिक्का बरोबर उठतो की नाही हे ते आधी डाव्या तळहातावर मारून बघायचे. गावात कॅलेंडरं होती, पण कोणाला तारीख हवी असली की ती माणसं येऊन मास्तरांना म्हणत, "हात दाखवा जी." मास्तर हात दाखवत. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, वैतागून म्हणायच्या, "या माणसाच्या हातावर नशीब दिसतच नाई, नुसत्या तारखाच."

सरकारनं पटेल-पटवारी काढून टाकले, त्याच्यानंतर एक-दोन वर्षांत गावात फोन आला. गावातला एकुलता एक. तो मास्तरांच्या ओसरीत बसला. बाप्पा, काय त्याचं कौतुक! मास्तरांनी सुताराकडून त्याच्यासाठी सागवानी पेटी करून घेतली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेच्या करदोड्याला बांधली. फोन करायचा म्हटलं की कोट वर, सदरा वर, धोतराची गाठ सैल, मग किल्ली. बायामाणसं तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहत.

कोणी मेलं, कोणी बाळंतीण अडली, कापसाचा भाव विचारायचा, तर मास्तर लगेच पेटी उघडत. पण कोणी म्हणालं की "ठाण्याले लावा", की त्यांचा हात थांबायचा.

"बस," म्हणत. बाकावर बसवत. काकूंकडून गडवाभर पाणी मागवत आणि ते पूर्ण प्यायला लावत. मग विचारत, "डोयानं पाह्यलं का कानानं?" माणूस म्हणाला डोळ्यानं, तर पुढचं. "काय पाह्यलं तेवढंच सांग. वाटलं ते सांगू नको." आणि शेवटी तो सवाल, ज्याच्यावर सगळं गाव हसायचं. मास्तर पुढं वाकून, अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारत, "हाच मानूस तुहा साळा असता, तं फोन केला असता काय?"

लोक याला साळ्याचा, म्हणजे मेहुण्याचा, सवाल म्हणायचे. अर्ध्या तक्रारी तिथंच मरायच्या. माणूस चिडायचा, "माहा साळा काहाले असं करीन?" म्हणायचा. मास्तर म्हणत, "मंग याच्या बयनीचा नवराबी असंच म्हनत असीन ना बे!"

एकदा सरपंचाचा भाऊ तणतणत आला. या सरपंचाच्या भावाला गावात काम एकच, बिड्या फुंकणं आणि दुसऱ्यांवर नजर ठेवणं. म्हणाला, "ठाण्याले लावा. लिंबाखाली एक मुश्तबा आदमी बसून हाय दोन घंट्यापासून." मुश्तबा म्हणजे संशयित. निजामाच्या काळातला शब्द, चावडीवर अजून चालायचा.

"मुश्तबा काऊन?" मास्तरांनी विचारलं.

"मुसलमान दिसते. बाया पानी भरून राह्यल्या, तिकडं पाहून राह्यला."

"लिंबासमोर विहीर हाय. तिकडं नाई पाहीन तं काय झाडाच्या खोडाकडं पाहीन? नाव इचारलं काय त्याले?"

"मी काहाले इचारू?"

मास्तर उठले, त्याचा दंड धरला आणि त्याला भर उन्हात लिंबाखाली घेऊन गेले. मागं आम्ही सगळे. मला तर तमाशाच हवा होता. बसलेला पोरगा तापानं फणफणलेला होता. दरसाल येणाऱ्या चुडीवाल्याचा पुतण्या. काका आजारी म्हणून पहिल्यांदाच एकटा आलेला, आणि बांगड्यांची टोपली सावलीत ठेवून ताप उतरायची वाट बघत बसलेला. मास्तरांनी सरपंचाच्या भावालाच त्याच्यासाठी पाणी आणायला पाठवलं. परत येताना मला म्हणाले, "बाई, नाव इचारलं ना, का अर्धा चोर तेथंच मरते."

मी हसले. तेव्हा मला ते सगळं फार गमतीचं वाटायचं. आदिलाबादला सुट्टीत गेले की मी साळ्याच्या सवालाची नक्कल करून दाखवायची आणि आमचे लोक पोट धरून हसायचे.

मास्तर हट्टी होते, पण वेडे नव्हते. एक नवरा कुऱ्हाड घेऊन बायकोमागं धावला, तेव्हा पाणी नाही की सवाल नाही. त्यांनी स्वतः ठाण्याला फोन लावला आणि जीप येईपर्यंत त्या बाईला आमच्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. पण नुसता कोणाचा तोंडवळा आवडला नाही, कोणाची बोली कळली नाही, कोणाचं पाल गावाजवळ पडलं, एवढ्यावरून फोन जाऊ द्यायला ते तयार नसत. गावानं त्यांच्याविरुद्ध वर अर्ज केले. पोस्टाचे इन्स्पेक्टर आले, दमदाटी करून गेले. सरकारी फोन अडवणारा तू कोण? मास्तर म्हणाले, "अडवत नाई साहेब, पानी पाजून राह्यलो."

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील त्या गावचे पोलीस पटेल. मास्तरांचं अक्षर सुरेख, म्हणून ठाण्यात जाणारे सगळे रपोट तरुणपणी त्यांच्याच हातचे. "बाई, गावात चोरी झाली का बाप म्हने, लिव. मी लिवत जाव. चार पारध्याइचे नावं. चोरी कोंबडीची असो का बैलाची, नावं तेच. मले पाठ झाले होते. बाप सांगाच्या आंधीच मी लिवून ठेवत जाव." मग म्हणाले, "त्यातला एक वापस आलाच नाई. त्या कागदावर अक्षर माहं हाय."

 

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याकाठी दरवर्षी कापूस वेचायच्या दिवसांत पारध्यांची पालं पडायची. डुकरांपासून शेतं राखायची, तितर-बटेर धरून विकायचे, आणि हंगाम संपला की उठायचं. त्यातला हिरामण मास्तरांकडे यायचा. बारीक, अबोल माणूस. बोलताना सुद्धा त्याची बोटं फासे विणत असायची. घोड्याच्या केसाचे इतके नाजूक फासे, की हातात घेतले तरी दिसायचे नाहीत. मास्तर त्याच्या मागं लागले, पोरं शाळेत घाल म्हणून. तो म्हणायचा, "आमाले कोन बसू दीन, मास्तर?" मास्तर माझ्याकडं बोट दाखवायचे. "या बाई हायेत ना. तिखट हायेत, पन मानसं हायेत."

पालातली चार पोरं माझ्या वर्गात आली, त्यात हिरामणची मुलगी. मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्या आठवड्यात मी त्यांना वेगळ्या पट्टीवर बसवलं होतं. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "काऊन, बाई?" दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्यात बसली. हिरामणची मुलगी हुशार होती. दोन महिन्यांत बाराखडी लिहायला लागली. तिची आई चंपा शाळेच्या दारात उभी राहून ऐकायची, आणि मी पाहिलं की तोंड लपवून पळायची. यंदा हंगाम संपला तरी पालं हलवायची नाहीत, असं हिरामणनं मास्तरांना कबूल केलं होतं. पोरांच्या शाळेसाठी.

त्याच मार्गशीर्षात मास्तरांचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. आदिलाबादला जाऊन यायचं, चार-पाच दिवस. जाताना त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. काकूंच्या नाही, गावातल्या कोणाच्या नाही, माझ्या. "तुमाले काय शिकवाचं, बाई? तुमी तं मास्तरीन," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी मी शाळेत गेले तर घंटा गायब. पितळेची, जुनी, चांगली जाडजूड घंटा. नुसता दोर लोंबत होता. हेडमास्तर आलेले नव्हते. मुलं कल्ला करत होती. आणि मला एकदम आठवलं, शनिवारी संध्याकाळी शाळेच्या भिंतीशी हिरामण उभा होता, खांद्यावर पोतं.

त्याच भिंतीशी सरपंचाचा भाऊसुद्धा उभा होता, बिडी फुंकत. त्याला मी तितकंच स्पष्ट पाहिलं होतं. त्याचं नाव माझ्या मनात आलंच नाही. आलंच नाही हो! इतकी वर्षं मी हेच उगाळत बसले आहे, की दोन माणसं पाहिली आणि एकच कशी आठवली.

मी तरातरा घरी आले, पेटी उघडली. काकू चुलीपाशी होत्या, त्यांनी विचारलंसुद्धा, "बाई, काय झालं वं?" मी उत्तर दिलं नाही. पाणी प्यायले नाही. एक्सचेंजला ठाणं मागितलं. पलीकडून जवान तेलुगूत बोलायला लागला. माझं तेलुगू बाजारापुरतं. घंटा गेली हे मी कसंबसं सांगितलं. त्यानं विचारलं, "एवरम्मा?" म्हणजे कोण? संशय कोणावर?

हिरामण एवढंच नाव मी सांगितलं; आडनाव मला ठाऊक नव्हतं. पाल कुठं ते सांगावं म्हणून मी मराठीतच म्हणाले, "तो डोंगराकडचा... डोंगरा..."

"दोंगा?" तो म्हणाला.

दोंगा म्हणजे तेलुगूत चोर. मला हे चांगलं ठाऊक होतं. आदिलाबादच्या बाजारात लहानपणापासून ऐकलेला शब्द. मी डोंगर म्हणत होते, त्यानं चोर ऐकलं, आणि हे मला त्याच क्षणी कळलं. 'नाही, तसं नाही, मी नुसतं उभं असलेलं पाहिलं,' एवढंच म्हणायचं होतं. तेलुगूत येत नव्हतं तर मराठीत, हिंदीत म्हणायचं. मी म्हणाले, "हां. पारधी."

ते दिवस वाईट होते. जंगलातल्या लोकांचा आणि पोलिसांचा तंटा पेटलेला, त्यामुळं साध्या फोनलाही जीप भरून बंदुकीवाले यायचे. दुपारी आले. नाल्याकाठची पालं उपटली, चुली लाथाडल्या, हिरामणला पोरांच्या देखत मारत मारत जीपमध्ये टाकलं. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. माझ्या वर्गात त्याची मुलगी बसलेली होती. ती उठली नाही, रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. बाई काहीतरी करतील असं तिला वाटलं असावं.

मंगळवारी हेडमास्तर आले. पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली. कडी तुटली होती म्हणून शनिवारी दुपारी स्वतःच ओताऱ्याकडे घेऊन गेले होते, सांगायचं राहून गेलं. आणि हिरामण शनिवारी कशाला आला होता, ते चंपानं काकूंना रडत सांगितलं. मुलगी पाटी शाळेत विसरली होती. ती न्यायला.

मास्तर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून संध्याकाळच्या बसनं उतरले. मी ओसरीत बसून होते. सगळं सांगितलं, डोंगर आणि दोंगासकट. मला वाटलं, आता ओरडतील, घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले. 'काऊन' सुद्धा विचारलं नाही. मग उठले, हेडमास्तरांकडून घंटा मागून घेतली आणि त्याच बसनं उलट गेले.

तीन दिवस ठाण्याच्या पडवीत बसून राहिले. काळा कोट, डोळ्याला पट्टी, मांडीवर शाळेची घंटा. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "चीज सापडली, आता मानूस द्या." अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, आधी म्हणाले असा माणूस आणलाच नाही. मग म्हणाले आणला, पण चौकशी चालू आहे. चौथ्या दिवशी सोडला. घंटेची चोरी झालीच नव्हती, तरी हिरामणचं नाव ठाण्याच्या यादीत चढलं ते चढलंच. मास्तरांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता, आणि त्या हाताची बोटं परत कधी मिटली नाहीत.

पालावर सगळे जमले होते. मी मास्तरांच्या मागं उभी. मी सांगणार होते. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलंही होतं. चंपा ओरडली, "कोनं केला फोन?"

"मी," मास्तर म्हणाले. "माह्या घरून गेला. मीच केला."

हिरामणनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. चंपा पुढं आली आणि मास्तरांच्या तोंडावर थुंकली. मास्तरांनी पुसलंही नाही.

घरी येताना मी म्हटलं, "असं का केलंत?" त्यांचा आवाज अगदी थकलेला होता. म्हणाले, "मले शिव्या देतीन, तं पोस्टाचं काई अडत नाई. तुमचं नाव घेतीन, तं पोट्टे शाळा सोडतीन. गप राहा, बाई."

मी गप्प राहिले. मनात म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी नुसत्या चुलीच्या राखा होत्या. पालं उठली होती. चारही पोरं घेऊन गेले, कुठं ते कोणालाच कळलं नाही. मास्तर बाजारहत्नूरपर्यंत शोधत फिरले. पारधी त्यांना पाहिलं की रस्ता सोडून रानात शिरायचे. ज्या पोरांसाठी त्यांनी तोंडावर थुंकून घेतलं, ती तर गेलीच.

त्यानंतर मास्तरांनी पेटीचं कुलूप काढलं. कोणी ठाण्याला फोन करायला आलं की पेटी उघडी, बाक रिकामा, आणि मास्तर आत जाऊन पडायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही विचारत का नाही आता?" म्हणाले, "तुमाले पाच वर्सं ऐकवलं, बाई. तुमाले समजलं नाई, तं आनखी कोनाले समजनार हाय?" पुढच्या वर्षभरात आमच्या गावातून किती जीपा भरून गेल्या, ते मी मोजलं नाही. सरपंचाचा भाऊ तर आठवड्याआड यायचा. काकू स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

माझी आदिलाबादला बदली झाली. आठ-दहा वर्षांनी मास्तर वारल्याचं पत्र काकूंनी कोणाकडून तरी लिहून घेऊन पाठवलं. मी गेले नाही. परीक्षा आहेत असं कळवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, आदिलाबादच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला फडकं पसरून एक बाई लाकडी फण्या विकत बसलेली होती. मी पुढं निघून गेले होते, तिनंच हाक मारली, "बाई!" चंपा. केस पांढरे झालेले. मी खाली बसले. मुलीचं विचारलं. लग्न करून टाकलं, म्हणाली, दोन लेकरं आहेत. शाळेचं? "कायची शाळा, बाई." हिरामण? "हाय. बसून असते. हातानं काईच होत नाई त्याच्यानं."

मग थोडी पुढं सरकून तिनं विचारलं, "तो पोस्टवाला मास्तर जिता हाय काय?"

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

"बरं झालं," चंपा म्हणाली. "घात केला त्यानं आमचा. घरचा समजत होतो त्याले." तिनं माझा हात धरला. "तुमी लय चांगल्या होत्या, बाई. माह्या पोरीले आपल्या पोरींसंगं बसवलं तुमी. अजून नाव काढते ती तुमचं."

आजूबाजूला बाजार चालू होता. तिचा हात माझ्या हातात होता. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी एक फणी घेतली. तिनं तिचे पैसे घेतले नाहीत, वर दुसरी एक निवडून माझ्या हातात ठेवली. मी तीही घेतली, आणि घरी आले.